दुसऱ्या बाजूची टिकली

जरा जवळ सरका. तो स्टूल ओढून घ्या, हं, असा दिव्याखाली. मला मोठ्यानं बोलता येत नाही. सर्दीबिर्दी काही नाही, माझा आवाज आता एवढाच उरलाय.

तुमचा कॅसेट डेक बघतो मी. बेल्ट सैल झालाय, बाकी काही नाही. पण तुम्ही डेकसाठी आलेला नाहीत, हे तुम्ही पायऱ्या उतरतानाच माझ्या लक्षात आलं. हल्ली आठवड्याला एक तरी येतो तुमच्यासारखा. अंगात काळा टीशर्ट, त्यावर वाळक्या मुळ्यांसारखी न वाचता येणारी अक्षरं, हातात बऱ्यापैकी चालणारं मशीन, आणि मग इकडचं तिकडचं झालं की हळूच, "ती कॅसेट ऐकायला मिळेल का हो?" आमच्यातल्या एका कंपाउंडरला बोललो, तर त्यानं इंटरनेटवर कुठेतरी लिहून ठेवलंय आणि माझ्या डोक्याला ताप झालाय.

नाही मिळणार. ती माझ्याकडे नाहीच. पण एवढ्या धुक्यातून आलात, तर काय झालं ते सांगतो. मधे फोन वाजला तर मात्र घ्यावा लागेल. सकाळी भावजयीला एक मेसेज टाकलाय, अजून तिनं बघितलेला नाही. जीव नुसता टांगणीला लागलाय.

तर हे दुकान. तळघर आहे, दुपारी बारालासुद्धा दिवा लावल्याशिवाय स्क्रू दिसत नाही. टेपरेकॉर्डर, अॅम्प्लिफायर, जुने रेडिओ, असली मढी मी इथे उठवतो. दर रविवारी दुपारी इथे आमची बैठक बसायची. एक कंपाउंडर, समोरच्या औषधाच्या दुकानातला, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. दुसऱ्या ड्रॉइंगच्या बाई, शाळेत मुलांना चित्रकला शिकवतात, दिसायला एकदम साध्या, पण ब्लॅक मेटल संगीताचा विषय निघाला की कुणाच्या बापाला ऐकायच्या नाहीत. तिसरा मी. आणि चौथा माझा धाकटा भाऊ.

तुम्हाला सांगायला नको म्हणा, पण बाहेरच्या माणसाला हे संगीत म्हणजे वादळात कुणीतरी गंजलेलं शटर ओढतंय, असंच वाटतं. आम्हाला त्यात जंगल दिसायचं, थंडी वाजायची. आमचा जीव एकाच बँडवर. बँड कसला, एकटाच माणूस, कुठला ते कुणाला ठाऊक नाही, स्टेजवर कधी आला नाही. कव्हरवरचं नाव इतकं फांद्या फुटलेलं की आम्ही चौघांनी चार वेगवेगळी नावं वाचली आणि शेवटी त्याला 'झाडोरा' म्हणायला लागलो.

झाडोऱ्याची पहिली ती करडी कॅसेट. नुसती खरखर, आणि त्या खरखरीच्या मागे, फार लांब, एक माणूस ओरडतोय. काय ओरडतोय ते कळायचं नाही. मी म्हणायचो, हेच खरं. दुसऱ्या वेळी त्यानं कीबोर्ड घातला, तिला आम्ही बर्फवाली म्हणायचो. तीही चालली. तिसऱ्या वेळी गडी चक्क स्वच्छ आवाजात गायला लागला. ती बोलकी. आणि चौथ्या वेळी ओरडणं नाही, गिटार नाही, नुसते लांबलचक सूर. ती मुकी. मुकी आली त्या रविवारी इथे जो काही गोंधळ झाला, तो वरच्या रस्त्यावर ऐकू गेला असेल.

"विकला गेला," कंपाउंडर म्हणाला.

"कुणाला विकला गेला? ऐकणारे आपण चौघं!" बाई म्हणाल्या. "माणूस थकतो, शांत होतो. ते ऐकू येतंय त्यात."

"मग घरी झोपावं ना शांत होऊन, आमच्या माथी कशाला?" हा मी.

धाकटा हसत होता. तो शीतगृहात कामाला होता, शहराबाहेर, बटाट्याच्या आणि सफरचंदांच्या थंड खोल्यांवर देखरेख करायचा. अंगाला कायम अमोनियाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास. तो म्हणाला, "दादा, तू बदललास की नाही? विशीत तुझे केस कमरेपर्यंत होते. आता दिवा तुझ्या टाळूवर चमकतो. मग गाण्यानंच काय घोडं मारलंय?"

सगळे हसले, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "बटाटे राखणाऱ्यानं मला गाणं शिकवू नये."

असं बोललो मी. मोठा भाऊ आहे ना, तोंडाला येईल ते बोलायचा परवानाच असतो. त्याचा चेहरा जरासा उतरला. कंपाउंडर आणि बाई गेल्यावर तो थांबला, खिशातून एक काळी कॅसेट काढली आणि इथे, बरोबर टेबलाच्या या कोपऱ्यावर, धरून उभा राहिला.

"गोदामातल्या रिकाम्या खोलीत केलंय. रात्रपाळीला," तो म्हणाला. "लहानपणी आपण करायचो तसं. तुझी जागा ठेवलीय त्यात."

लहानपणी म्हणजे कॉलेजात. तो गिटार वाजवायचा, मी ओरडायचो. आई शेजाऱ्यांना सांगायची, मोठ्याला दम्याचा त्रास आहे. माझा आवाज तेव्हा असा होता की खिडकीच्या काचा थरथरायच्या. खोटं नाही सांगत.

माझं डोकं मशीनमध्ये होतं. मान वर न करता मी म्हणालो, "ठेव तिथे."

हे आमचं शेवटचं बोलणं. त्याच संध्याकाळी, असंच धुकं होतं, रस्त्यात दिवे न लावता एक ट्रक उभा होता आणि हा दुचाकीवर होता. भावजयीला तेव्हा सातवा महिना.

पाच वर्षं झाली त्याला. कॅसेटचं म्हणाल तर मी ती विसरलो. पहिले काही महिने मला माझं नाव विचारलं असतंत तरी सांगता आलं नसतं. नंतर कधी आठवण झाली तर वाटलं, त्यानं ती परत उचलून पिशवीत टाकली असेल आणि पिशवीबरोबर गेली असेल. मनाची समजूत घालायला तेवढं पुरतं.

गेल्या महिन्यात भावजय इथे आली. पोरीला घेऊन. पोरगी पावणेपाच वर्षांची, नुसता भुंगा, दिवसभर तोंड चालू. मी तिला चिंगी म्हणतो, दीड वर्षाची असल्यापासून, मग सगळेच म्हणायला लागले. चिंगी इथले स्क्रू मोजत बसली आणि भावजय हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, हिला बाबांचा आवाज ऐकायचाय. रोज विचारते, बाबा कसे बोलायचे? माझ्याकडे काही नाहीये हो. फोन त्यांच्याबरोबरच चुरगळला. लग्नाच्या व्हिडिओत सगळीकडे गाणीच घातलीत."

मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"तुमच्यासाठी एक कॅसेट केली होती त्यांनी. महिनाभर चालू होतं. काळी, तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. म्हणायचे, नाव लिहिलं की मजा गेली. नुसतं खिळ्यानं कोपऱ्यात एक झाड कोरलं होतं, एवढंसं."

"शोधतो," मी म्हणालो.

शोधायचं काय होतं? ती माझ्या समोरच पडलेली होती.

आता दुकानाची रीत सांगतो, मग कळेल. कॅसेटच्या पाठीवर दोन्ही टोकांना प्लास्टिकची बारीक चौकोनी टिकली असते, एका बाजूसाठी एक. आपलं रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये असं वाटलं की माणूस ती टिकली मोडतो, मग मशीन त्या बाजूवर रेकॉर्ड करतच नाही. म्हणून माझा नियम साधा. नाव नाही आणि टिकली शाबूत, म्हणजे कोरी. तिच्यावर मी एकसुरी शिट्टी भरून घेतो आणि गिऱ्हाइकाचं मशीन दुरुस्त झालं की ती लावून टेप वाचणाऱ्या हेडचा कोन जुळवतो. पाच वर्षं मी एकच काळी कॅसेट त्यासाठी वापरत होतो. रोज हातात असायची. कोपऱ्यावरचे ओरखडे झिजेचे समजत होतो.

दिव्याखाली धरली. झाड होतं.

भावाचा शेवटचा आवाज मी माझ्या हातानं पुसला होता. त्याच्यावर शिट्टी भरून. आणि त्या शिट्टीवर लोकांची मशीनं जुळवून पोट भरत होतो. इथेच खाली बसलो, या फरशीवर, आणि भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. त्याला माहीत होता ना हा नियम! लहानपणापासून टिकली मोडायची सवय त्याला मीच लावली होती. मग यानं का नाही मोडली? नंतर डोक्यात प्रकाश पडला. माझी जागा ठेवली होती. मी माझा आवाज त्यात भरायचा होता. टिकली मोडली असती तर मी कसा भरणार?

पण एक आशा होती. ज्या मशीनवर मी ती शिट्टी भरली, त्याचं पुसणारं हेड तेव्हाच कमजोर होतं. असं असलं की जुनं रेकॉर्डिंग पूर्ण जात नाही, खाली गाळासारखं उरतं. शिट्टी एकाच सुराची, तेवढा सूर कापून टाकला की खालचं काही हाताला लागेल, असा हिशेब केला. दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढलं, कॅसेट या मोठ्या डेकमध्ये घातली, हेडफोन चढवला आणि शिट्टी बारीक बारीक करत नेली.

शिट्टी गेली. खाली खरखर.

आधी वाटलं, संपलं. मग त्या खरखरीला उतार-चढाव आले. वारा नसलेल्या खोलीतला वारा. त्यामागे गिटार, पत्र्यावर खडे ओतावेत तशी. आणि सगळ्याच्या पार पाठीमागे, मैलभर लांब, कुणीतरी ओरडत होतं. हुबेहूब करडी कॅसेट! ज्या आवाजावर मी वीस वर्षं जीव टाकला, तो माझ्या भावानं माझ्यासाठी केला होता. मी ढसाढसा रडलो. तो कोण ओरडतोय, काय म्हणतोय, मला काही कळत नव्हतं, पण तो होता.

रडं आवरलं तेव्हा दुकानात वास येत होता. अमोनियाचा. आणि ओल्या पुठ्ठ्याचा. श्वास सोडला तर दिव्यासमोर वाफ दिसली. थंडीचेच दिवस आहेत, म्हटलं, धुकं खाली उतरलं असेल. घसा जरा खवखवत होता, तो धुळीनं.

त्यातून कॉपी काढायला गेलो, तर कॉपीत नुसती शिट्टी. कॉम्प्युटरवर घेतलं, तिथेही शिट्टी. मूळ कॅसेट आणि मी, दोघं समोरासमोर असलो तरच ते ऐकू यायचं.

दोन दिवसांनी परत लावली. आणि मी बटनावरचा हात तसाच ठेवून बघत राहिलो. तेच रेकॉर्डिंग नव्हतं ते. खरखर विरली होती. वर कीबोर्ड आला होता, थंडगार, लांब सूर, आणि तो ओरडणारा जवळ आला होता. मैलभर नव्हे, गोदामाच्या दुसऱ्या टोकाला असेल एवढा. एका गाण्याच्या शेवटी त्यानं ओरडणं थांबवलं, दम घेतला, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला,

"दादा…"

बस्स. पुढे शिट्टी.

सांगा, फेकून दिली असतीत तुम्ही? पोरीला बाबांचा आवाज हवा होता, आणि माझ्या हातात "दादा" एवढाच एक शब्द आला होता. मला भीती वाटली, वाटली नाही असं कसं म्हणू? पण अजून दोन-चार वाक्यं मिळाली तर मी पुसलं ते मी भरून दिलं असं होईल, हा एकच विचार डोक्यात. म्हटलं, येतोय ना जवळ, येऊ दे.

मग रविवार आला. नुकतीच झाडोऱ्याची पाचवी आली होती, एवढ्या वर्षांनी. तिच्यावर तोंडसुख घ्यायला कंपाउंडर आणि बाई आल्या.

"पाणी आहे पाणी," कंपाउंडर म्हणाला. "ना थंडी, ना अंधार. मधेच लहान मूल हसल्याचा आवाज टाकलाय. ब्लॅक मेटल आहे का पाळणाघर?"

"मला तर सगळ्यात भीती तिथेच वाटली," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो की मला ती एकदा ऐकूनच पुरे झाली. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"काय म्हणालास?"

मी परत बोललो.

"घसा बसलाय की तुझा," कंपाउंडर म्हणाला आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. बाई मात्र मान वाकडी करून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बसलेला नाही. तुमचा आवाज मागे गेलाय. करड्या कॅसेटसारखा. तुम्ही इथे आहात, आणि आवाज कुठून तरी लांबून, खरखरीतून येतोय."

आम्ही हसलो. मी हसलो ते मलाच नीट ऐकू आलं नाही.

तेव्हा मला कळलं होतं. मूर्ख नाही मी. तो जेवढा पुढे येतोय, तेवढा मी मागे जातोय. कळूनही सोमवारी मी शटर ओढलं आणि कॅसेट घातली. तिसऱ्यांदा.

या वेळी खरखर नव्हतीच. हेडफोन घालायच्या आधीच या स्पीकरमधून, तुम्ही बसलात ना त्याच्या बरोबर मागचा, तो बोलायला लागला. स्वच्छ. शेजारी बसून बोलावं इतका. वाफ माझ्या तोंडातून येत होती, पण दिव्याजवळ अजून एक वाफ होती, माझ्यापासून हातभर लांब.

"कंपाउंडर उगाच बोलतो," तो म्हणाला. "पाचवी चांगली आहे. तू नीट ऐकली नाहीस, दादा. एकदाच ऐकून पुरे म्हणालास."

पाचवी गेल्या महिन्यात आलीय. याला जाऊन पाच वर्षं झाली. हात बटनावर होता, नुसता दाबायचा होता. पण तेवढ्यात तो म्हणाला, "चिंगे…"

आता तुम्हीच सांगा. चिंगी हे नाव मी ठेवलेलं, ती दीड वर्षाची झाल्यावर.

"चिंगे, मी बाबा. तू स्क्रू मोजतेस ते मला आवडतं. आईला त्रास देऊ नकोस. मी असा बोलतो बघ." आणि हसला तो. तेच हसणं, नाकातून येणारं. पोरीला द्यायचं होतं ते मला मिळालं होतं. तिथे थांबवलं असतं तर… पण ते ऐकून मी एवढा सुखावलो होतो की बटनावरचा हात मीच काढून घेतला.

"आता तू, दादा. जागा ठेवलीय. एक, दोन, तीन, चार…"

गिटार सुरू झाली. मी इथे तोंड घट्ट मिटून उभा होतो, शपथेवर सांगतो, ओठ उघडले नव्हते. आणि स्पीकरमधून मी ओरडलो. विशीतला मी. त्या फळीवरची काच तडकली, ती बघा, अजून तशीच आहे. गळ्यातून काहीतरी सरसर ओढलं जात होतं, विहिरीतून दोर ओढावा तसं. शेवटी शिट्टी आली आणि डेक आपोआप थांबला.

कॅसेट बाहेर काढली. त्या बाजूची टिकली मोडलेली होती.

मी नाही मोडली. तुकडा शोधला, टेबलावर, फरशीवर, डेक खोलून आत बॅटरी मारली. नाही सापडला. गिळताना मात्र तेव्हापासून इथे, बरोबर इथे, काहीतरी चौकोनी टोचतं. डॉक्टरांनी दोनदा आत बघितलं, म्हणाले, काही नाहीये.

आणि ती कॅसेट मग कुठेही, कुठल्याही मशीनवर वाजायला लागली, बाबांच्या आवाजासकट. मी छोटा प्लेअर नीट करून तिच्यासकट भावजयीला दिला. चिंगीनं ऐकलं आणि माझ्या गळ्यात पडली. "काका, तुम्हीपण आहात आत! केवढ्यानं ओरडता!" भावजय रडत होती आणि हसत होती. मला वाटलं, फिटलं सगळं. आवाज गेला तर गेला, त्याचं मी काय लोणचं घालणार होतो? शांत झोप लागली मला त्या दिवशी, पाच वर्षांत पहिल्यांदा.

आज सकाळी दात घासताना एकदम आठवलं. टिकल्या दोन असतात. मी एकच बघितली. दुसरी शाबूत असेल तर त्या बाजूवर अजून आवाज भरला जातो. जन्म गेला माझा या धंद्यात, आणि कॅसेट उलटी करून दुसरी बघायचं मला सुचलं नाही! लगेच मेसेज टाकला, दुसऱ्या बाजूची टिकली मोड, आत्ताच्या आत्ता. तो अजून तसाच…

थांबा. तिचाच आहे.

…

हं, हॅलो. बोल…

तिनं मेसेज बघितलेलाच नाही. स्पीकरवर टाकतो, तुम्हीही ऐका. ती म्हणतेय, "भाऊजी, चिंगीचा घसा बसलाय सकाळपासून. ताप नाही काही नाही, नुसता आवाजच नाही. तुमच्या त्या गोळ्या कुठल्या होत्या हो?"

अगं, ती कुठली बाजू लावते? बाजू कुठली…

"हॅलो? ऐकू येत नाहीये भाऊजी. कॅसेट ना? हो, ऐकते ना, सारखी. हल्ली उलटी करून लावते. मी म्हटलं, तिकडे तर काहीच नाही गं. तर काल म्हणाली, बाबांनी तिकडे माझ्यासाठी जागा ठेवलीय."

मोड ती! टिकली मोड, बंद कर आधी ते…

"भाऊजी? नुसती खरखर येतेय तुमच्याकडून. हॅलो?"

घ्या, तुम्ही बोला. तुमचा आवाज चांगला आहे, तुम्ही सांगा तिला. धरा हा फोन. लवकर… नाही, एक क्षण. तिच्या मागे वाजतंय ते ऐकू येतंय तुम्हाला? तो हसतोय, तो माझा धाकटा. तो जो लांब ओरडतोय, तो मी. पण ते तिसरं, बारीक, आकडे म्हणतंय, एक, दोन, तीन, चार… ते ऐका.

भावजय म्हणतेय, पोरगी तिच्या मांडीवर झोपलीय.